साडेतीनच्या उन्हातला खो-खो

‘ताई, नमस्कार. माझी मुलगी आठवीची परीक्षा देऊन नुकतीच मोकळी झाली. ती शाळेच्या खो-खो संघात आहे. सुट्टी लागल्या लागल्या सरांनी सराव सुरू केला, दुपारी साडेतीन ते सहा. सकाळी मैदान क्रिकेटच्या शिबिराला दिलेलं असतं, म्हणून मुलींच्या वाट्याला दुपार. तिसऱ्या दिवशी ती लालबुंद चेहऱ्याने घरी आली. डोकं ठणकत होतं, दोन उलट्या झाल्या, न जेवताच झोपली. सकाळी उठली तेव्हा बरी होती. सरांना फोन केला तर म्हणाले, पहिले काही दिवस होतं असं, सवय होईल. सासरे म्हणतात, आम्ही भर वैशाखात अनवाणी खेळलो, आम्हाला काही झालं नाही. मिस्टरांचं म्हणणं, पाठवायचंच कशाला, बंद करून टाक. आणि मुलगी रडते की तू पुन्हा सरांशी बोललीस तर मला संघातून काढतील, पावसाळ्यानंतर जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत. तिची पाण्याची बाटली मात्र रोज जवळजवळ भरलेलीच घरी येते. मी काय करू?
– एक आई, सिंहगड रस्ता’

नमस्कार. तिचा खेळ बंद करू नका. पण उद्या साडेतीनला तिला मैदानावर पाठवूही नका.

आधी तिच्या तब्येतीचं. डोकं ठणकणं, उलट्या, अन्नावरची वासना उडणं, हे पित्त असेल असं म्हणून सोडून देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून अंगात उष्णता साठली, पाणी आणि मीठ कमी पडलं आणि शरीराने हात टेकले, असंच दिसतं. उष्माघाताच्या अलीकडची ही पायरी आहे. सकाळी ती हसतखेळत उठली तरी शरीर पूर्ण सावरलेलं नसतं, आणि एकदा असं झालेलं मूल लगेचच्या दिवसांत पुन्हा लवकर आडवं होतं. म्हणून निदान दोन दिवस घरी पूर्ण विश्रांती द्या आणि त्यातच एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून या. तिला सर्दीचं किंवा ॲलर्जीचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण काही औषधांमुळे घाम कमी येतो. नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेले असतील, रात्रीची झोप नीट होत नसेल, तर तेही सांगा. मैदानावर परत कधी जायचं ते डॉक्टर ठरवतील.

आता सरांचं ‘सवय होईल’. सर खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच बोलतात. उन्हाची सवय शरीराला खरोखर होते. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यातून जाणारं मीठ कमी होतं, आणि तेवढ्याच धावण्याला हृदयाला कमी ठोके पडतात. हे सगळं व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, आणि ते दिवस थोड्या थोड्या सरावाचे असावे लागतात. खेळाडूंना उष्णतेचा त्रास सगळ्यात जास्त होतो तो सरावाच्या पहिल्या काही दिवसांतच, हे क्रीडावैद्यकात फार आधीपासून माहीत आहे. तुमच्या लेकीचा गेला दीड महिना कसा गेला असेल? पंख्याखाली पुस्तक, दुपारी पडदे ओढलेले, खेळ बंद, कारण परीक्षा. तिथून उठून ती एकदम अडीच तास तापलेल्या मातीत उतरली. तिसऱ्या दिवशी ती पडली यात मला जराही आश्चर्य वाटत नाही. सवय लावायची तर पहिले तीन-चार दिवस तासभरच, त्यातही जोराची पळापळ निम्मी. मग दर दोन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं वाढवायची. पूर्ण जोराचा डाव दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. एवढं केलं तर सरांचं वाक्य पूर्ण होईल.

तुमच्या सासऱ्यांचं म्हणणंही मी हसण्यावारी नेणार नाही. ते खेळले हे खरंच आहे. पण आठवून बघायला सांगा. त्या खेळात दम लागला की पोरं आंब्याखाली बसायची, विहिरीवर किंवा कुणाच्या तरी घरी जाऊन पाणी प्यायची, कंटाळा आला की घरी जायची. ‘अजून दोन चकरा’ म्हणणारी शिट्टी नव्हती, संघातून काढतील ही भीती नव्हती. शरीर थांब म्हणालं की मूल थांबत होतं. आज तुमच्या लेकीला तेवढंच करता येत नाहीये, आणि माझ्या मते सगळा धोका तिथे आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्ये आपलं आधीचं मत बदललं. पुरेसं पाणी आणि पुरेशी विश्रांती मिळाली तर उन्हात मुलांचं शरीर मोठ्यांइतकंच तग धरतं, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे मूल आडवं पडतं तेव्हा बहुतेक वेळा पाणी, विश्रांती, वेळ आणि सरावाचा जोर यांत कुठेतरी चूक झालेली असते. आणि या चारही गोष्टी मोठ्या माणसांच्या हातात असतात.

खो-खो हा उन्हाच्या दृष्टीने फार कडक खेळ आहे, हे मी मुलींना मैदानावर शिकवण्यात आयुष्य घालवलं म्हणून सांगते. डाव काही मिनिटांचाच, पण त्यात एकही पाऊल सावकाश नाही. पाटीवर उकिडवं बसायचं, खो मिळाला की झेप घ्यायची, खांबाला वळसा घालायचा, पुन्हा बसायचं. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातली जेमतेम पाव धावण्याच्या कामी येते, उरलेली उष्णता होऊन अंगातच राहते. ती बाहेर टाकायला त्वचेकडे रक्त धाडावं लागतं आणि त्याच वेळी पायांनाही रक्त हवं असतं. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून तापली की वारा अंग गार करण्याऐवजी उलट तापवतो, आणि मग घाम वाळण्यावाचून शरीरापाशी दुसरा उपाय उरत नाही.

पुण्याची गोष्ट अशी की एप्रिलचं आपलं ऊन कोरडं असतं. घाम सुटतो आणि सुटता सुटता वाळून जातो. मुंबईच्या मुलीचा टी-शर्ट ओला चिंब होतो, म्हणून तिच्या आईला कळतं. आपल्याकडे अंग कोरडं दिसतं, मुलगी म्हणते मला घामच आला नाही, आणि लिटरभर पाणी निघून गेलेलं असतं. आज तिच्या सरावाच्या टी-शर्टची पाठ बघा. काखेच्या खाली आणि पाठीवर पांढरे चट्टे दिसले तर ते घामातलं मीठ आहे. पुढे मे महिन्यात वळवाचे ढग जमायला लागले की हवा दमट होते, घाम वाळेनासा होतो. तेव्हा पारा दोन अंशांनी उतरलेला दिसतो म्हणून सरावाचा जोर वाढवू नये. मैदानावर जाणाऱ्यासाठी ती दुपार जास्त वाईट असू शकते.

मोबाइलवर दिसणाऱ्या आकड्याबद्दलही सांगायला हवं, कारण पालक आणि सर दोघंही त्याच्याच आधारावर वाद घालतात. ‘आज अडतीसच आहे, लाट कुठेय?’ हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे सपाट प्रदेशात उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान किमान ४० अंश असावं लागतं आणि सहसा ते नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असावं लागतं. पुण्याच्या बऱ्याचशा कडक दुपारी या व्याख्येत बसतच नाहीत. शिवाय तो आकडा सावलीतल्या हवेचा असतो. खेळाडूंसाठी जो उष्णता निर्देशांक वापरतात त्यात दमटपणा दाखवणाऱ्या ओल्या तापमापकाचं वजन ७० टक्के असतं, उन्हाची झळ मोजणाऱ्या काळ्या गोळ्याचं २० टक्के, आणि तुमच्या मोबाइलवरच्या त्या सावलीतल्या तापमानाचं फक्त १० टक्के. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जण दगावले. त्या दिवशीही तिथलं तापमान चाळिशीला पोचलं नव्हतं. ती माणसं तर पळतही नव्हती.

आणि पुण्याच्या डोक्यावर सूर्य कसा येतो ते मुलांना भूगोलात शिकवतातच. मेच्या मध्यावर इथे शून्य सावलीचा दिवस असतो, भर माध्यान्ही उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. कमाल तापमान त्याच्याही नंतर, साधारण अडीच ते चारच्या दरम्यान गाठलं जातं. तुमच्या मुलींचा सराव साडेतीनला सुरू होतो. दिवसातली याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. मातीचं मैदान तेव्हा खालून भाजत असतं. कृत्रिम गवताचा टर्फ असता तर आणखी वाईट, कारण ते गवत उन्हात खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाटली भरलेलीच परत येते. तुम्ही ते शेवटी लिहिलंय, पण मला वाटतं तिथून सुरुवात करावी. आठवीतली शहाणी मुलगी, तहान लागत असणार, बाटली हाताशी, तरी ती पीत नाही. का? तिला रागवू नका, एवढंच विचारा: सराव चालू असताना स्वच्छतागृह उघडं असतं का? सुट्टीत शाळेची इमारत कुलूपबंद असते, शिपाईकाका एखादं गेट उघडून ठेवतात, आणि मुलींचं स्वच्छतागृह त्या कुलुपाआड राहतं. मुलगे कुठेतरी आडोसा शोधतात. मुली पाणी पिणंच बंद करतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता कुठल्याही शाळेत गेले तर आधी किल्ली कुणाकडे असते ते विचारते. पाळीच्या दिवसांत तर मुली दुपारपासूनच पाण्याला हात लावत नाहीत. दुसरं कारणही असू शकतं, सरावात पाणी प्यायलं की पोट जड होतं, पळता येत नाही, असं कुणीतरी तिच्या मनात भरवलेलं असतं. घटाघट लिटरभर प्यायलं तर पोट जड होतंच. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-सहा घोट घेतले तर होत नाही.

किती प्यायचं? नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला खेळताना दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिलिलीटर पाणी पुरतं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तुमची मुलगी त्याहून थोडी मोठी आहे, कडक सरावात तिला तासाला लिटरच्या आसपास लागू शकतं. तिचा हिशेब घरच्या घरी काढता येतो. सरावाला जायच्या आधी आणि आल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, कमीत कमी कपड्यांत वजन करा. जेवढे ग्रॅम कमी भरले साधारण तेवढे मिलिलीटर पाणी कमी पडलं. अर्धा किलो कमी भरलं तर पुढच्या खेपेला अर्धा लिटर जास्त. आणि वजन वाढलेलं निघालं तर ती गरजेपेक्षा जास्त पितेय, तेही चांगलं नाही. भसाभसा नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं.

सरावाच्या तासाभरात माठातलं साधं पाणी पुरेसं आहे. त्याहून लांबला किंवा घाम फार गेला तर मीठ घातलेलं ताक, पन्हं किंवा मीठ-साखरेचं लिंबू सरबत द्या. आपल्या घरातल्या या गोष्टींत पाणी, मीठ आणि थोडी साखर सगळं आलं. उलट्या झालेल्या दिवशी मात्र ओआरएसच हवं, आणि ते औषधाच्या दुकानातून पुडी आणून, पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात केलेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या कितीतरी गोड डब्यांत साखर त्याच्या कित्येक पट असायची. त्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांनी ओआरएस हे नाव वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, तरी खोका घेताना घटक वाचा. एनर्जी ड्रिंक मुलांना देऊ नका. त्यांच्या डब्यावरच मुलांसाठी नाही असं छापलेलं असतं. आजींनी खिशात कांदा ठेवायला दिला असेल तर त्यांचा मान ठेवा, पण कांद्याने शरीराचं तापमान उतरत नाही, हे मुलीला माहीत असू द्या.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. काळी ट्रॅकपँट नको, फिक्या रंगाचं सैल आणि हवा जाईल असं काहीतरी घाला. आपला डाव नसताना सावलीत बसायचं आणि टोपी घालायची. बूट घालून पळणाऱ्या मुलींचे पायही तापतात, तेव्हा सराव संपल्यावर बूट-मोजे काढून पाय पाण्याने धुऊ द्या.

आता सरांशी बोलायचं. हे तुम्हालाच करायला लागणार आहे आणि ते नीट केलं तर मुलीचं नुकसान होणार नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर काही लिहू नका. तिथे गोष्ट चिघळते आणि सर बचावात्मक होतात. एकट्या जाऊ नका, संघातल्या आणखी दोन-तीन मुलींच्या आयांना बरोबर घ्या. तुमच्या मुलीला जे झालं ते आणखी कुणाकुणाला झालंय, हे त्या वेळी कळेल. आणि तक्रार घेऊन जाऊ नका, मदत घेऊन जा. ‘सर, संघ जिल्ह्याला जावा असं आम्हालाही वाटतं. त्यासाठी मुली स्पर्धांपर्यंत धडधाकट राहायला हव्यात. वेळ बदलायला आम्ही काय करू शकतो?’ असं बोला. बहुतेक क्रीडाशिक्षक मुलींसाठी जीव टाकतात. सुट्टीत घरदार सोडून मैदानावर उभा राहणारा माणूस तुमच्या बाजूचाच आहे. मैदान त्याच्या हातात नसतं, हे लक्षात घ्या.

मैदान ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे सरांसह सगळ्यांनी जायचं. मुख्याध्यापकांना मला एकच सांगावंसं वाटतं: खो-खोच्या मैदानाला २७ मीटर लांबी आणि १६ मीटर रुंदी पुरते. सकाळच्या क्रिकेट शिबिराने एक कोपरा मोकळा सोडला, मध्ये जाळी लावली, तर दोन्ही खेळ चालतात. शिबिराची फी शाळेला मिळते आणि खो-खोच्या मुलींकडून काही मिळत नाही, म्हणून ज्यांची शाळा आहे त्याच मुलींनी उन्हात भाजायचं, हे मला मान्य नाही, आणि तुम्हीही ते मान्य करू नका. २०२५ मध्ये मार्चअखेर राज्याच्या शिक्षण विभागाने उन्हामुळे सगळ्या शाळा सकाळच्या केल्या होत्या, प्राथमिक ७ ते ११:१५ आणि माध्यमिक ७ ते ११:४५. वर्गात पंख्याखाली बसलेल्या मुलांना जर पावणेबाराला घरी सोडायचं, तर साडेतीनला मैदानावर पळवायचं कशाच्या आधारावर? हा प्रश्न शांतपणे, पण लेखी विचारा. पालक-शिक्षक संघाच्या नावाने अर्ज द्या आणि पोच घ्या.

वेळ कोणती मागायची? सकाळी साडेसहा ते साडेआठ. सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, आणि पुण्याचं एक सुख असं की कडक दिवसाचीही पहाट गार असते. ते अगदीच जमलं नाही तर संध्याकाळी साडेपाच ते सात, आणि सुरू करण्याआधी मैदानावर पाणी मारायचं. ते आपण धूळ बसावी म्हणून मारतोच, माती गार व्हायलाही त्याचा उपयोग होतो. वेळ कुठलीही असो, पाण्याची शिट्टी सरांनी वाजवायची. ज्याला तहान लागली त्याने जाऊन प्या, असं म्हटलं की मुली जात नाहीत, कारण जाणारी कच्ची ठरते. शिट्टी वाजली की सगळ्यांनी सावलीत जायचं, सगळ्यांनी प्यायचं. उशिरा आलेल्या मुलीला उन्हात चकरा मारायची शिक्षा बंद. स्वच्छतागृहाची किल्ली सराव संपेपर्यंत मैदानावर. या तीन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

एक तयारी मात्र मैदानावर असायलाच हवी. उष्माघात झालेलं मूल नेहमी घाम न येणारं, कोरडंठक्क नसतं. पळता पळता झालेल्या उष्माघातात अंग घामाने ओलंही असू शकतं. ओळखायचं ते डोक्याच्या गोंधळावरून. खो-खोत मला ते आधी असं दिसायचं: चांगली खेळणारी मुलगी सारखी फाउल करायला लागते. खो मिळाल्यावर एका बाजूला निघते आणि मध्येच दिशा बदलते, उठायच्या आधीच उठते, खांब सोडून भलतीकडे जाते. हाक मारली तर चिडते किंवा शून्यात बघते. अशा वेळी सर ओरडतात, ‘लक्ष कुठेय तुझं?’ पण नेमक्या त्याच क्षणी खेळ थांबवायचा असतो. ती अडखळली, असंबद्ध बोलायला लागली, बेशुद्ध पडली तर एक मिनिटही घालवायचं नाही. सावलीत आडवं करायचं, बूट-मोजे आणि वरचे जाड कपडे काढायचे आणि अंगावर गार पाणी ओतत राहायचं. ज्या पाइपने मैदानावर पाणी मारतात तोच पाइप सोडायचा, फक्त उन्हात तापलेलं आधीचं पाणी वाहून जाऊ द्यायचं. मोठा टब आणि बर्फ असेल तर मानेपर्यंत त्यात बसवणं सगळ्यात उत्तम, डोकं मात्र कुणीतरी धरून ठेवायचं. ते नसेल तर बर्फाचे तुकडे कापडात गुंडाळून मानेला, काखेत आणि जांघेत लावायचे आणि पुठ्ठ्याने वारा घालायचा. दुसऱ्या कुणीतरी तेवढ्यात १०८ ला फोन लावायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी थांबवायचं नाही. आधी गार करणं, मग नेणं, या क्रमाने जीव वाचतो. शुद्ध हरपलेल्या मुलीच्या तोंडात पाणी घालायचं नाही, आणि तापाची गोळी द्यायची नाही, कारण हा ताप त्या गोळीने उतरत नाही. हे सरांना आणि शिपाईकाकांना दोघांनाही माहीत असलं पाहिजे. पुष्कळदा सर चाचणीसाठी दुसऱ्या संघाबरोबर गेलेले असतात आणि मैदानावर काकाच असतात.

तुमच्या मिस्टरांना सांगा की खेळ बंद केला तर मुलगी खो-खोवाचूनच राहील आणि पुढच्या वेळी काही दुखलं तर घरात सांगणार नाही. आज तिने निदान तुम्हाला सांगितलंय. तो रस्ता बुजू देऊ नका.

आणि आता तिच्याशी. ती संघातून काढतील म्हणून घाबरते, हे खरं कारण आहे, ते खोडून काढू नका. तिला विचारा, बाहेर काढली जाणारी मुलगी कोण असते? स्पर्धेच्या वेळी तापाने फणफणलेली, दम तुटलेली. दोन आठवडे सवय लावून घेतलेली मुलगी शेवटच्या डावातही पळते. तिला सांगा की थांबायचं कधी, ते तिने एकटीने ठरवायचं नाही. संघात जोड्या लावून घ्यायच्या, प्रत्येकीने आपल्या जोडीदारणीवर नजर ठेवायची. डोकं दुखतंय, मळमळतंय, अंगावर काटा येतोय, उन्हात थंडी वाजतेय, यातलं काहीही झालं तर जोडीदारणीने हात वर करून सरांना सांगायचं. स्वतःसाठी थांबायला मुलींना लाज वाटते, मैत्रिणीसाठी थांबायला वाटत नाही. सरांनाही ही पद्धत आवडेल, कारण खो-खोत आपल्या मागे कोण बसलंय ते पाहण्याची सवय त्यांना लावायचीच असते.

ऑक्टोबरमध्ये ऊन पुन्हा चढतं आणि पावसाळ्यात सरावाला खंड पडलेला असतो. जिल्ह्याच्या स्पर्धा त्याच सुमारास आल्या तर सवयीचे ते दहा-चौदा दिवस पुन्हा मोजून घ्यायचे आहेत, एप्रिलची सवय तोवर टिकत नाही. सामने दुपारचे लागले तर दोन डावांच्या मध्ये मुलींना मंडपाबाहेर उभं करू नका, सावलीत बसवा, मानेवर ओला पंचा ठेवा.

सरांना भेटून आलात की मला दोन ओळी लिहा. मुख्याध्यापकांनी अर्ज घ्यायला टाळाटाळ केली तर तसंही लिहा, मग पुढच्या वेळी त्याबद्दल बोलू.